निकालाआधीचा तुरुंग

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले. कामावरून परतणारी १८० हून अधिक माणसे घरी पोचलीच नाहीत. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांनाच निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण २०२१ मध्ये कोरोनाने कैदेतच वारला होता. राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण जिवंत राहिलेल्यांची एकोणीस वर्षे आत गेली, ती कोणत्याही निकालाने परत येणार नाहीत.

खटल्याचा मोठा भार कबुलीजबाबांवर होता. पोलिसांपुढची कबुली एरवी पुरावा ठरत नाही. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने ती वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिली असल्यास ग्राह्य केली. उच्च न्यायालयाला हे जबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. कोठडीत बोलवून घेतलेल्या शब्दांवर माणसाला फासापर्यंत नेणे मला अधर्म वाटते.

'दहशतवाद्याला कसले हक्क?' असे आपण सहज विचारतो. तो दहशतवादी आहे हेच तर सिद्ध व्हायचे असते! २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते. तरीही त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली आणि हल्ल्यानंतर चार वर्षांच्या आत त्याला फाशी झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. मुंबईची जखम ताजी असतानाही न्यायालयाने माणूस आणि माणूस वेगळा पाहिला.

मालेगावच्या स्फोटांच्या खटल्यांत मात्र काय झाले? २००६ च्या स्फोटांत पकडलेले मुस्लिम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २००८ च्या स्फोटातले सात आरोपी, त्यांत एक साध्वी आणि एक लष्करी अधिकारी, ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. ज्यांची माणसे गेली त्यांनी सतरा वर्षे तारखा मोजल्या, आणि गुन्हेगार कोण हे त्यांना आजही कोणी सांगू शकत नाही.

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते. आरोप वरवर खरे दिसले तरी जामीन नाकारला जातो. इतका कडक कायदा हवाच असेल, तर खटल्यालाही मुदत हवी आणि कबुली फक्त दंडाधिकाऱ्यांपुढेच व्हावी. चुकीने डांबलेल्यांना भरपाईचा हक्क द्यावा, असे विधी आयोगाने २०१८ मध्येच सुचवले आहे. तो कायदा अजून झालेला नाही.