सगळ्यांनी एकदम

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती गेलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, अशी तिथल्या शिक्षकांची तक्रार होती. रोज ठरावीक वेळ सगळ्या गावाने टीव्ही-मोबाइल बंद ठेवावा, ही कल्पना सरपंच विजय मोहिते यांनी मांडली, तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली. बायकांनी मात्र मालिका जरा जास्तच बघितल्या जातात हे मोकळेपणाने मान्य केलं आणि गाव तयार झालं. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर निर्णय झाला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, साडेआठला पुन्हा वाजायचा. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा. मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजूत घालत.

हा प्रयोग देशभर गाजला तो भोंग्यामुळे. त्याचं मर्म मात्र ‘सगळ्यांनी एकदम’ यात आहे. पंधरा वर्षांच्या एकट्या मुलीने फोन बाजूला ठेवला, तर तिचं काय होतं ते पाहावं. स्नॅपचॅटवर ‘स्ट्रीक’ नावाची सोय आहे: दोन मैत्रिणींनी दर चोवीस तासांत एकमेकींना फोटो पाठवला, तर नावापुढचा आकडा एकेकाने वाढत जातो. वेळ संपत आली की वाळूच्या घड्याळाचं चिन्ह दिसू लागतं. एक दिवस चुकला की दोनशे दिवसांचा आकडा पुसला जातो, आणि तोही दोघींचा. परीक्षेच्या आदल्या रात्रीही फोन का हवा असतो, याचं उत्तर इथे आहे. मैत्री मोडण्याची भीती ही त्या वयातली सर्वात मोठी भीती. तिच्यावर कंपन्यांनी धंदा उभा केला आहे. अशा वेळी मुलीला मनोनिग्रहाचे धडे देणं हा अन्याय आहे.

अभ्यासाचं चित्र ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात दिसतं. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी हाताळला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. त्याच अहवालातली दुसरी नोंद तितकीच महत्त्वाची: फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलांकडे होता, मुलींपैकी फक्त २७ टक्के जणींकडे. म्हणजे घराने शिस्त लावायची ठरवली, की पहिली गदा कोणावर येणार हे उघड आहे. वडगावात भोंगा वाजला की वडिलांचाही फोन बंद व्हायचा. हा फरक लहान नाही.

फोनमुळे मुलांचं मानसिक आरोग्य नेमकं किती बिघडतं, यावर संशोधकांत खडाजंगी चालू आहे. जोनाथन हाइट यांनी २०२४च्या पुस्तकात फोनलाच मुख्य आरोपी ठरवलं. कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मधून पुरावा तितका भक्कम नसल्याचं दाखवून दिलं. झोपेबाबत मात्र एवढा वाद नाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येऊ लागते, आणि गरज तर आठ ते दहा तासांची असते. उशाशी फोन असला की झोप आणखी लांबणीवर पडते. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते योग्यच झालं. पण ज्यांना उशिरा झोप येते ते नववी-दहावीतले विद्यार्थी या निर्णयाबाहेर राहिले. सकाळच्या सत्राची माध्यमिक शाळा आणि मध्यरात्रीचा फोन यांच्यामध्ये त्यांची झोप दोन्हीकडून कातरली जाते.

तंत्रज्ञान सरसकट वाईट, असं म्हणणारा माढा तालुक्यातल्या परितेवाडीला विसरतो. रणजितसिंह डिसले यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवला. तिथेही फोनच होता, पण तो कशासाठी उघडायचा हे शिक्षकाने ठरवलं होतं.

कायद्याची दिशाही तपासायला हवी. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. कायदा मोडला तर दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना काही नाही. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या मुलांचा माग काढणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं मना केलं, ही जमेची बाजू. पण त्याची मोठी भिस्त पालकांच्या संमतीवर आहे. ज्या घरात आईचा फोन मुलगाच चालू करून देतो, तिथे ती संमती कोणाच्या बोटाने दिली जाणार?

म्हणून सरकारची वाट न पाहता शाळेच्या जूनमधल्या पहिल्या पालकसभेत दोनच गोष्टी ठरवाव्यात: वर्गातल्या मुलांना स्वतःचा फोन कोणत्या इयत्तेत द्यायचा, आणि रात्री दहानंतर घरातले सगळे फोन, आईवडिलांचे धरून, बाहेरच्या खोलीत ठेवायचे का. त्या सभेला मुलामुलींनाही बोलवा आणि आधी त्यांचं ऐकून घ्या.