अवयव, अर्थ आणि दाखवून देण्याची जबाबदारी

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही २१ अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये तिची गणना मूळसंख्यांत केली. सिद्धता मात्र दिली नाही. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले. या सिद्धतेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातून एकही अवयव हाती लागत नाही. संख्या भंगते एवढे कळते. कोठे भंगते ते कळत नाही. पुढे १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सभेत कोल या अमेरिकी गणितज्ञाने १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव मांडले. एक शब्दही न उच्चारता त्याने फळ्यावर गुणाकार करून दाखवला, असे सांगतात.

मधल्या २७ वर्षांत हे अवयव 'होते' काय? गणिती वास्तव मानवी मनाबाहेर असते, असे मानणाऱ्या हार्डीचे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे ठरेल. अस्तित्वाला रचनेची अट घालणारा ब्राउवरही येथे नकार देणार नाही. कारण शोधाचे क्षेत्र सान्त आहे आणि क्रमाने भागाकार करीत जाण्याची रीत ठाऊक आहे. म्हणजे वाद अस्तित्वाचा उरत नाही. उरतो तो 'आहे' हे जाणणे आणि 'हे पाहा' असे म्हणता येणे यांतील अंतराचा.

साहित्यसमीक्षेला हे अंतर परिचित आहे. एखादी संहिता एकसंध नाही, तिच्यात अंतर्विरोध आहेत, असे सिद्धान्ताच्या बळावर आधीच सांगता येते. पण तो अंतर्विरोध नेमका कोणत्या शब्दात, कोणत्या मौनात आहे हे दाखवल्याखेरीज ते विधान ल्यूकाच्या सिद्धतेपाशीच थांबते. आणि ल्यूकापाशी निदान सिद्धता होती. सिद्धान्ताचा केवळ उच्चार करणारा समीक्षक मर्सेनच्याच पंक्तीत बसतो.

साम्य येथे संपते. क्रम सोडला तर संख्येचे मूळ अवयव एकमेव असतात. संहितेचे अर्थ तसे नसतात. मात्र अर्थ अनेक आहेत म्हणून ते दाखवून देण्याची जबाबदारी सुटते, हा निष्कर्ष चुकीचा आहे. उलट ती वाढते. जेथे उत्तर एकच असते तेथे चूक आज ना उद्या उघडी पडते. जेथे उत्तरे अनेक संभवतात तेथे बेजबाबदार वाचनाला लपायला जागा अधिक मिळते.

कोलचे अवयव संगणक आज क्षणार्धात काढतो. तरीही त्या गुणाकाराचे नैतिक मूल्य कमी होत नाही. अवयव शोधणे दुष्कर होते, पडताळणे सुकर. कागद-पेन्सिल घेऊन बसणारा कोणीही ते करू शकत होता. कोलने श्रोत्यांकडे विश्वास मागितला नाही, पडताळणीचा अधिकार त्यांच्या हाती दिला. वाचकाला संहितेकडे परत जाऊन तपासता येईल असे वाचन मांडणे, हीच समीक्षेची किमान नीती होय.