तूप, डिझेल आणि प्रमाद

चातुर्मास लागला की आपल्या घराघरांतून कुणी ना कुणी काहीतरी सोडतं. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी साखर, कुणी अष्टमी-चतुर्दशीला मीठ. मंदिरात दोघी भेटल्या की ‘यंदा काय सोडलंस?’ हा प्रश्न ‘साडी कुठून घेतलीस?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. त्यात वावगं काही नाही. रसपरित्याग हे सहा बाह्य तपांपैकी एक. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा सोडायचा, जिभेला लगाम घालायचा, आणि जमलं तर त्याचा गाजावाजा करायचा नाही. हे शेवटचं फारसं कुणाला जमत नाही, ते असो.

माझ्या सांगलीच्या धाकट्या बहिणीनं गेल्या मार्गशीर्षात तूप सोडलं. चातुर्मास केव्हाच संपला होता, म्हणून कारण विचारलं. म्हणाली, “लेक ती होडी विकेपर्यंत.”

होडी म्हणजे शिडाची नौका. माझा हा भाचा मुंबईत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून चाळीस वर्षांची एक जुनी नौका घेतली. तीस फूट लांब, आत झोपायला चार फळ्या, आणि पायऱ्यांखालच्या कोनाड्यात अठरा अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं जपानी डिझेल इंजिन. शिडाच्या नौकेला इंजिन कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. वारा नसेल तेव्हा, बंदरात शिरताना, भरती-ओहोटीची ओढ खडकाकडे नेत असेल तेव्हा. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस ते गप्प बसून असतं, पण ज्या दिवशी हाक मारावी त्या दिवशी त्यानं ‘ओ’ दिलीच पाहिजे. आणि इंजिनाची खोड अशी की चालवल्यानं जितकं झिजत नाही तितकं न चालवल्यानं खराब होतं.

कार्तिकात तेच झालं. मुंबईच्या समुद्रावर सकाळचा वारा पडतो आणि दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. मधल्या तासा-दोन तासांत शिडं ओल्या धोतरासारखी लोंबत राहतात. नेमकी त्याच वेळी नौका कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, प्राँग्जच्या दीपस्तंभाजवळच्या खडकांच्या बाजूला होती. वारा नव्हता, पण लाट होती. इंजिन सुरू केलं, पाच मिनिटं चाललं, आचके दिले आणि बंद पडलं. नौकेवर भाचा, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. त्यानं नांगर टाकला, तो धरला, म्हणून पुढचं टळलं. मग खाली उतरून फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. घरी आल्यावर नातीनं आजीला फोनवर सगळं रंगवून सांगितलं, आणि आजीनं तूप सोडलं.

“मावशी, तू तरी आईला समजाव,” म्हणून भाच्याचा फोन. “ताई, तू तरी त्याला समजाव,” म्हणून बहिणीचा फोन. इंदूरला बसून मी समुद्राचा न्यायनिवाडा करायचा! आमच्याकडे पाणी म्हणजे नर्मदेचं, तेही जलूदहून पंपानं डोंगर चढवून आणलेलं; आणि नौका म्हणजे ओंकारेश्वरला घाटावरून पलीकडे नेणारी. पण इंजिन मला परकं नाही. आमचे वडील कृष्णाकाठचे शेतकरी. मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ज्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं ती किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, आणि १९४६ पासून पुण्याच्या त्यांच्या कंपनीची डिझेल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर पोचली. (ज्या घराण्यानं नांगर आणि इंजिनं केली त्यांनीच १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक काढलं, हे आपण वाचणाऱ्या बायकांनी विसरू नये.) वडील हँडल मारायचे, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचे, आणि एक काळा ढेकर देऊन इंजिन बोलायला लागायचं. त्यात ठिणगी नसते. हवा जवळजवळ विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं ऑग्सबुर्गला १८९७ मध्ये हे चालवून दाखवलं, आणि १९१३ मध्ये तो स्वतः इंग्लंडला जाताना जहाजावरून रात्रीत नाहीसा झाला. ही गोष्ट मी बहिणीला सांगितलेली नाही.

इंजिन बंद का पडलं? भाच्यानं सांगितलं ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग झोप आली नाही. डिझेलमध्ये बुरशी झाली होती! टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या हवेतला दमटपणा गारव्यानं पाणी होऊन आत ओघळतो. पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि पाणी व डिझेल जिथं एकमेकांना टेकतात त्या रेषेवर जंतू आणि बुरशी वाढतात. काळा, बुळबुळीत साका तयार होतो. बंदरात उभं असताना तो तळाशी निवांत असतो. लाटेनं टाकी ढवळली की नेमका अडचणीच्या वेळी फिल्टरमध्ये जाऊन बसतो. मेकॅनिकनं उपाय सांगितला: जंतू मारायचं औषध मिळतं, टाकीत ओता, विषय संपला.

भाचा अडला तो इथं. “मावशी, डिझेल जळतं तेव्हा जे काही मरत असेल ते मी मारायचं म्हणून मारत नाही. पण ही बाटली ओतायची ती मारण्यासाठीच ना?”

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. मुंबईत राहून, आठवड्यात दोनदा मंदिरात जाणंही ज्याला जमत नाही, त्यानं गृहस्थाच्या अहिंसेतला नेमका सांधा पकडला होता. आपल्याकडे हिंसा चार तऱ्हेची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवली, घर झाडलं की आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. चोर-शत्रूपासून बचाव करताना होते ती विरोधी. गृहस्थाला या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमी करायच्या. पण मारायचं म्हणून मारणं, ती संकल्पी, तिचा त्याग त्यानं करायलाच हवा. हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग औषध बाद. पण साका राहिला तर माझी मुलगी खडकावर.”

याचं उत्तर मला शास्त्राच्या आधी स्वयंपाकघरात सापडलं. आपण लोणच्याला बुरशी आल्यावर काय करतो ते सोडा. येऊ नये म्हणून काय करतो? बरणी उन्हात कोरडी करतो, ओला चमचा घालू देत नाही, तेल वर तरंगेल इतकं घालतो. पीठ मर्यादेच्या दिवसांतच संपवतो. धान्य वाळवून भरतो. जीव मारायचे नाहीत, तर ते उपजतील अशी जागाच ठेवायची नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनी डब्या-बरण्यांतून शिकवलं. टाकीचंही तेच. मी त्याला म्हटलं, “टाकी काठोकाठ भरून ठेव, म्हणजे आत दमट हवेला जागा राहणार नाही. तळाला तोटी असेल तर पंधरा दिवसांनी पाणी काढ.” तो गप्प झाला. मग म्हणाला की जुने खलाशीही हेच सांगतात.

तरी एकदा साका खरवडून काढावा लागला, आणि त्यात जे मरायचं ते मेलं. ते मी झाकून ठेवत नाही. पण एकदाची ती सफाई आणि दर तीन महिन्यांनी ओतायची बाटली यांत फरक आहे. बाटली आळसाला परवानगी देते. हवं तितकं दुर्लक्ष करा, शेवटी विष आहेच.

इथं मला उमास्वामींची हिंसेची व्याख्या आठवते. प्राण जाणं एवढीच हिंसा नव्हे. प्रमादानं, म्हणजे बेसावधपणानं, कषायांच्या भरात प्राण जाणं ती हिंसा. अमृतचंद्राचार्य तर पुढं जाऊन सांगतात की प्रमाद असेल तर जीव मरो वा न मरो, हिंसा घडलीच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझी मुलगी, जी वकिली शिकते, म्हणाली होती, “ही तर पळवाट आहे. सावधपणे मारलं की माफ!” मला तसं वाटत नाही. हा नियम उलट फार कडक आहे. त्या दिवशी प्राँग्जला कुणी मेलं नाही, म्हणून आपण सुटलो असं भाच्याला म्हणता येत नाही. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर घेतल्यापासून चार महिने त्यानं टाकी उघडून पाहिली नव्हती, त्याच वेळी दोष घडून गेला होता. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची एक वेगवान बोट धडकली, पंधरा माणसं गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, असं नौदलानं सांगितलं. समुद्रावरचं इंजिन बिघडलं तर रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसता येत नाही.

हल्ली भाच्याची एक वही आहे. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आतून फिरतं. ते फिरवणाऱ्या पंपात रबराचं पाखं असतं, त्याच्या पाकळ्या कडक झाल्या की तुटतात, म्हणून ते कधी पाहिलं त्याची तारीख. खारं पाणी लोखंडाला खातं, म्हणून आत जस्ताचा एक तुकडा बसवतात; पाणी आधी त्याला खातं, इंजिन वाचतं. तो किती उरला याची नोंद. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथं पाणी किती थेंब गळतं, ते. तेल किती काळं झालं, ते. काढलेलं तेल डब्यात भरून किनाऱ्यावर आणलं की नाही, तेही, कारण आपल्या लेखी पाणी स्वतःच जीव आहे, त्यात तेल सोडणं म्हणजे त्याच्या अंगावर ओतणं. (आमच्या भोपाळच्या मोठ्या तलावातल्या डिझेलच्या बोटी २०२३ मध्ये हरित लवादानं बंद करायला लावल्या, तेव्हा मला बरं वाटलं होतं. भाच्याला मी हेही ऐकवलं.) आणि दर रविवारी, समुद्रावर जायचं असो वा नसो, अर्धा तास इंजिन चालवायचं. ती वही पाहून मला मुनींची आदाननिक्षेपण समिती आठवली. वस्तू उचलताना पाहायचं, ठेवताना पाहायचं, पिंछीनं जागा झाडायची. मुनींकडे कमंडलू आणि पिंछी एवढ्याच वस्तू, म्हणून त्यांना ते साधतं. ज्याच्याकडे नौका आहे त्याला पाहायलाही तेवढंच जास्त. परिग्रहाचा हा हिशेब कुणी सांगत नाही: जितकं घ्याल तितक्याची राखण करायला बांधले जाल. भाच्याचा त्या नौकेत जीव गुंतला आहे, याला आपण मूर्च्छाच म्हणतो. इतकी वर्षं सांभाळलेलं इंजिन बदलून नवं घ्या म्हटलं तर तो दुखावतो. मला त्याचा तो लोभ दिसतो, आणि त्या लोभापायीच तो इतका काळजी घेतो, हेही दिसतं.

आता बहिणीचं तूप.

हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. व्रती निःशल्य असावा असं आपलं शास्त्र सांगतं. तीन शल्यं: माया, मिथ्यात्व आणि निदान. निदान म्हणजे फळाची आस ठेवून केलेलं तप. तूप सोडून जर मुलानं होडी विकावी असं हवं असेल, तर ते तप नाही. तो मुलाच्या घशात अडकवलेला काटा आहे. दर सणाला पुरणपोळी कोरडी खाऊन ती त्याच्याकडे न बघता त्यालाच बघायला लावते. याला अहिंसा म्हणायचं का? आपण बायकांनी हे शस्त्र पिढ्यान् पिढ्या वापरलं आहे, कारण दुसरं हातात नव्हतं. सासऱ्यांनी ऐकावं म्हणून उपास, नवऱ्यानं विडी सोडावी म्हणून मीठ बंद. त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पण शस्त्र ते शस्त्रच.

बहिणीला मी एवढं बोलले, तर ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “ताई, नांगर धरला नसता तर?” याला शास्त्रात उत्तर नाही. तिची भीती खोटी नाही. तिला ‘तारिणी’वरून सहा मुली २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, सुकाणू बिघडलं तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्त करून पुढं आल्या, हे सांगून काय उपयोग? त्या सहाजणींच्या आयांनी काय काय सोडलं होतं, हे कुठं छापून आलंय?

मी तिला एक सुचवलं. तूप तू खा किंवा नको खाऊ, ते तुझं. पण दर रविवारी संध्याकाळी त्याला फोन करून विचार, इंजिन चालवलं का, जस्त किती उरलं, पाणी काढलं का. तो वही उघडून वाचेल. तू लिहून घे.

पहिल्या रविवारी तिनं विचारलं ते मला भाच्यानंच हसत सांगितलं. “आई विचारत होती, पाखं म्हणजे नेमकं काय, आणि ते तूच का तपासतोस, सुनेला का नाही शिकवलंस?” पुढच्या रविवारी सूनबाईंनी पंपाचं झाकण उघडलं, फोटो काढला आणि सासूला पाठवला. एक पाकळी तडकलेली होती.