वाट चुकलो, हे सांगण्याचे धैर्य



विमान चालवायला शिकणारा एक विद्यार्थी प्रथमच एकटा दूरच्या उड्डाणास निघाला आहे, असे समजा. शेजारची शिक्षकाची जागा रिकामी आहे. हवा धुरकट आहे. नकाशातली नदी खाली दिसत नाही आणि खाली दिसणारा रेल्वेमार्ग नकाशात सापडत नाही. इंधन मात्र घटत आहे. त्याने काय करावे?

त्याच्या मनात पहिल्याने येते ती लाज. शिक्षक काय म्हणतील? आणखी पाच मिनिटे पाहू! त्या पाच मिनिटांत तो अधिकच दूर जातो. म्हणून वैमानिकांना शिकवतात की चुकल्याचे कबूल करा, उंची वाढवा, रेडिओवर बोला, इंधन जपा आणि सांगितले तसे करा.

ब्रिटनमध्ये १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन लहरीवर स्वानविक येथे रॉयल एअर फोर्सचे नियंत्रक अहोरात्र कान देऊन असतात. एकटा उडणारा शिकाऊ वैमानिक आपल्या विमानाच्या सांकेतिक नावाआधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो, म्हणजे नियंत्रक त्याला सांभाळून घेतो. त्याचा आवाज कोणत्या दिशेने आला हे निरनिराळी केंद्रे टिपतात. त्या रेषा जेथे छेदतात तेथे विमान! वाट चुकली नसतानाही सरावासाठी अशी मदत मागता येते. आपण शिकाऊ आहोत हे सांगण्यात तेथे कमीपणा नाही.

पण नुसती हाक पुरत नाही. चुकीची समजूतही सोडावी लागते. ५ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेलहून नौदलाची ५ विमाने सरावासाठी निघाली. होकायंत्रे बिघडल्याचे त्यांच्या अनुभवी शिक्षकाने रेडिओवर कळवले. आपण फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर आहोत, असे त्याने धरले. विमाने बहुधा बहामाच्या बाजूस होती. सोबत्यांशी संपर्क तुटेल या भीतीने तो आपत्कालीन लहरीवर गेला नाही. किनाऱ्यावरील केंद्रांनी ठिकाणाचा अंदाज काढला, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. १४ माणसे परतली नाहीत.

कोणी विचारील, तथागतांनी तर स्वतःवर विसंबण्यास शिकवले. मग दुसऱ्याला हाक कशाला? याचे उत्तर मज्झिम निकायातील गणक मोग्गल्लान सुत्तात आहे. राजगृहाची वाट दोघांना सारखीच सांगितली. एक पोहोचला, दुसरा भलतीकडे गेला. यात वाट सांगणाऱ्याने काय करावे? तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

नियंत्रकही दिशा आणि अंतर सांगतो. विमान विद्यार्थ्यालाच उतरवावे लागते. म्हणून त्याची हाक ही प्रार्थना नव्हे. प्रार्थना करणारा आपले काम दुसऱ्यावर टाकतो. हा वाट विचारतो आणि चालतो स्वतः.

तुमच्याही घरात कोणी वाट चुकले असेल. वसतिगृहातल्या मुलाला अभ्यास झेपत नसेल, कोणाला दारू सुटत नसेल, कोणी कर्ज लपवीत असेल. त्याला सांगा की इंधन शिल्लक आहे तोवरच बोल. आणि ज्याच्याकडे अशी हाक येईल त्याने हसू नये, रागावू नये. आधी दिशा सांगावी.