काही होत नाही

माझ्या मोटरसायकलला जोडलेल्या ट्रॉलीने आजवर कुणाला साधं खरचटलंही नाही. सव्वा वर्ष मी ती ओढली. नुकसानीचा हिशेब म्हणाल तर एक फुटलेला जार आणि वीस लिटर पाणी. तरी त्या सव्वा वर्षातल्या एका दुपारवरून मी अजून स्वतःशी भांडतो. मित्र म्हणतात, झालं तर काहीच नाही ना, मग कशाला डोक्याला ताप? भांडणाचं कारण नेमकं तेच आहे. काहीच झालं नाही.

नांदुऱ्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. या पट्ट्याचं नावच खारपाणपट्टा. बोअर मारला तर पाणी लागतं, पण घोट घशाखाली उतरत नाही. त्यामुळे आरओच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार हा इकडे चैनीचा माल नाही. लग्न असो, तेरवी असो, जार लागतातच. मी ते पोचवायचो. दुचाकीवर दोन, फार तर तीन जार बसतात. तेवढ्यासाठी लांबच्या गावाला जाणं परवडत नाही आणि टेम्पो भाड्याने घेतला तर पाण्यापेक्षा भाडं जास्त होतं. मग सगळे करतात तेच मी केलं. वेल्डरकडे गेलो. लोखंडी अँगलची चौकट, दोन जुनी चाकं, पुढे दांडा, दांड्याच्या टोकाला कडी, आणि कडीतून गाडीच्या मागच्या पट्टीत जाणारी पिन. दोन दिवसांत ट्रॉली तयार.

"किती ओढेल?" मी विचारलं.

"पाच क्विंटल वढते भाऊ. काई होत नाई."

तो खोटं बोलत नव्हता. ओढण्यापुरतं खरंच होतं ते. शंभर सीसीची गाडी पहिल्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर बरंच काही ओढते. मी प्रश्नच अर्धा विचारला होता, हे कळायला मला येरळीच्या पुलापर्यंत जावं लागलं.

आकडे बघा. गाडीचं वजन सुमारे ११० किलो, माझं ६५. म्हणजे ओढणारे आम्ही दोघं मिळून १७५. मागे ट्रॉली ७० किलोची आणि बारा जारांचं पाणी २४० किलो, एकूण ३१०. मागचं वजन पुढच्याच्या जवळपास पावणेदोन पट. आणि ब्रेक फक्त पुढच्यांना. मी ब्रेक दाबला की गाडी थांबायला बघते, पण ट्रॉलीला ते कुणी सांगितलेलं नसतं. ती आपल्या वेगात येऊन गाडीला ढकलते. सरळ रेषेत असाल तर हा धक्का मागून येतो आणि तुम्ही दोन हात पुढे जाऊन थांबता. हँडल जरा वळलेलं असेल तर तोच धक्का तिरका लागतो. मग मागचं चाक एका बाजूला घसरतं, ट्रॉली दुसऱ्या बाजूला फिरते आणि दोघांची घडी मिटायला लागते. वेगाचं गणित तर आणखी वाईट. वेग दुप्पट केला तर अंगातला जोर चौपट होतो. ताशी २० वर जे सांभाळता येतं ते ४० वर चारपट अंगावर येतं. हे शाळेच्या पुस्तकात असतं. मला त्यात मार्कही बरे पडले होते.

दुसरी चूक माल भरण्यात होती. जार मागून चढवायला सोपे, म्हणून मी ते मागेच रचायचो. चाकांच्या मागे वजन जास्त झालं की दांडा वर उचलला जातो आणि त्यासोबत गाडीचं मागचं चाकही हलकं होतं, म्हणजे रस्त्यावरची त्याची पकड सुटते. वेगात ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते ती यानेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी पुढच्या कडीवर पडायला हवा. हे मला नंतर मोबाइलवर वाचून कळलं आणि वाचताना लाज वाटली, कारण ते माझ्या आजोबांना माहीत होतं. बैलगाडीत पऱ्हाटी किंवा कडबा भरला की ते बैल जुंपण्याआधी धुरा हाताने उचलून पाहायचे. धुरा आपसूक वर आला की म्हणायचे, उलाळ झाली, आणि अर्धा माल पुन्हा पुढे सरकवायला लावायचे. फार पुढे झाला तर धुरजड, म्हणजे ओझं बैलांच्या मानेवर. दोन्ही चालायचं नाही. आम्हा पोरांना त्याचा कंटाळा यायचा.

आजोबा मोठे साधू नव्हते. पण दोन बैल म्हणजे घरातली दोन माणसं, आणि मान सोलली की दुसऱ्या दिवशी दिसायची. बैल अडून बसू शकतो. त्याच्या बाजूने कायदाही आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले, त्यात जनावर केवढं, गाडीला चाकं कसली, यावरून वजनाची मर्यादा ठरवली आहे. लांबच लांब खडा चढ असेल तर ओझं निम्मं, असंही त्यात आहे. तसं पाहिलं तर ट्रॉलीलाही कायदा आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या आहे, त्याची नोंदणी करावी लागते, गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत. माझ्या ट्रॉलीची नोंदणी कुठेच नव्हती. पण मला अडवणारी खरी गोष्ट कायदा नव्हतीच. माझ्या गाडीला मान नव्हती, एवढाच फरक होता.

तर ती दुपार. मे महिना, लग्नतिथी दाट. जळगाव जामोदच्या रस्त्याने पूर्णेपलीकडच्या एका गावी बारा जार न्यायचे होते, आणि उशीर झाला होता. मांडवातून दोन फोन येऊन गेले होते. पुलाकडे उतरताना मी चाळीसवर असेन. समोर एक म्हातारे बाबा बकऱ्या घेऊन रस्ता ओलांडत होते, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मी हॉर्न दिला आणि ब्रेक दाबला. त्यानंतर गाडी माझी राहिली नाही. मागून धक्का आला, मागचं चाक उजवीकडे सरकलं आणि ट्रॉली डावीकडे फिरून रस्त्याची कड अंगण झाडल्यासारखी झाडत गेली. मुलगी त्या कडेलाच उभी होती. एक पिल्लू खाली बांधाकडे पळालं आणि ती त्याच्यामागे पळाली, म्हणून ती तिथं नव्हती. मध्ये एक श्वास गेला असेल, जास्त नाही.

गाडी आडवी होऊन थांबली. एक जार खाली पडून फुटला. गरम डांबरावर पाणी पसरलं आणि बकऱ्या प्यायला आल्या.

बाबा जवळ आले. मला वाटलं आता शिव्या बसणार. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "पानी सांडलं ना भाऊ तुमचं. माह्या बकऱ्यायनं नुकसान केलं."

मी म्हणालो, "असू द्या बाबा."

हे "असू द्या" मला आजही गिळता येत नाही. त्यांनी माझी क्षमा मागितली आणि मी ती दिली. वर पाच मिनिटांनी मांडवात जाऊन बकऱ्यांमुळे उशीर झाला असंही सांगितलं. संध्याकाळी मित्रांना तोच प्रसंग, "आज वाचलो बे" म्हणून, हातवारे करून. सगळे हसले. मीही.

विल्यम किंगडन क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एक निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, त्याला शंका आहे. पण तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या फेऱ्या केल्या, इतकी वादळं पाहिली, देव एवढ्या प्रवाशांना वाऱ्यावर सोडणार नाही. जहाज बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो. इथपर्यंत कुणीही शिव्या देईल. पण पुढे क्लिफर्ड म्हणतो, समजा जहाज बुडालंच नाही, सुखरूप पोचलं. मालकाचा दोष कमी झाला का? त्याचं उत्तर: तसूभरही नाही. दोष ठरला तो जहाज सोडताना, नंतर जे झालं तो फक्त योगायोग. (क्लिफर्ड स्वतः १८७०मध्ये सूर्यग्रहण पाहायला निघाला असताना सिसिलीजवळ जहाजफुटीतून वाचला होता. तेव्हा हे घरात बसून लिहिलेलं नाही.)

माझा वेल्डर, मी आणि तो जहाजमालक एकच वाक्य बोलतो. "काही होत नाही" हे ऐकायला भविष्य वाटतं, पण ते असतं भूतकाळाबद्दल: आजवर काही झालं नाही. दर सुखरूप फेरीनंतर ते वाक्य जाड होत जातं. ट्रॉली मात्र तीच असते. उलट पिन थोडी झिजलेली असते. आमच्या गावात हायवेवर १०५ फुटी हनुमान आहे. ट्रॉली घेऊन जाताना मीही एक हात हँडलवरून काढून छातीला लावायचो. मला वाटायचं ही श्रद्धा. क्लिफर्ड वाचल्यावर वाटलं, मी माझ्या ब्रेकची जबाबदारी मारुतीवर टाकत होतो, आणि त्याला विचारलंही नव्हतं.

तरी क्लिफर्डशी माझं पूर्ण पटत नाही. ती मुलगी जागेवरून हलली नसती तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. मी कुठे असतो, माझी झोप कशी असती, याचा विचार शेवटापर्यंत नेववत नाही. दोष तेवढाच, असं गणितात म्हणता येतं, मनात म्हणता येत नाही. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी याच गाठीला 'नैतिक नशीब' म्हणून हात घातला. नेगलचं उदाहरण तर आपल्या रस्त्यावरचंच आहे: ट्रकचालकाने ब्रेक तपासून घेतले नाहीत. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर गुन्हेगार, नाही आलं तर घरी जाऊन जेवतो. निष्काळजीपणा दोघांचा सारखाच. आपला कायदाही असाच दुभंगलेला आहे. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. त्यात माणूस गेला तर पाच वर्षांपर्यंत. तोच रस्ता आणि तोच ब्रेक असला तरी.

मग यातून दोनच गोष्टी निघतात. एकतर जो अडकला त्याला आपण जास्त दोष देतो, किंवा जो सुटला त्याला कमी. आपण दोन्ही करतो आणि दोन्ही सोयीने करतो. अपघात झालेल्या पोराला गाव नालायक म्हणतं. मी मात्र त्याच्यासारखीच ट्रॉली त्याच्यासारखीच हाकून "वाचलो बे" म्हणतो. मला वाटतं, नशिबाचा हा विचार दुसऱ्याला माफ करायला वापरावा, स्वतःला नाही. हे तत्त्वज्ञान म्हणून कितपत टिकेल सांगता येत नाही. पण उलटं केलं की काय होतं ते मी करून पाहिलंय.

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःला खूप वेळा घेतला. एसी गाडीत बसून सांगणं सोपं आहे की टेम्पो घे. टेम्पोचे हप्ते कोण भरणार? पाणी तर लोकांना लागतंच. खरं आहे, आणि जे नुसतंच "कायदा पाळा" म्हणतात त्यांना हे ऐकवलंच पाहिजे. पण त्या दुपारी त्या रस्त्यावर सगळ्यात गरीब मी नव्हतो. भाड्याचे पैसे वाचणार होते माझे, आणि त्यासाठी पणाला लागली होती एक मुलगी, जिने माझं पाणी मागवलंही नव्हतं. आमच्यात काही सौदा झालाच नव्हता. धोका असाच उतरत जातो, मोठ्या गाडीकडून लहान गाडीकडे, तिथून पायी चालणाऱ्याकडे, आणि त्याच्या खाली बकरीच. आणि वर त्यालाच वाटतं की चूक आपली झाली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॉली मोडली, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यानंतर अकरा महिने ती चालवली. चाकांचा आस मागे घेतला, जार पुढे रचले, कडीला जास्तीची साखळी लावली, बाराचे आठ केले, वीसच्या वर गेलो नाही. मग दुसऱ्या एकासोबत भागीत जुना टेम्पो घेतला आणि ट्रॉली दारामागे उभी राहिली. बाबांचं गाव कोणतं ते मी कधी विचारलं नाही. त्या उतारावर अजून नजर डावीकडे जाते.

गेल्या महिन्यात गल्लीतला एक पोरगा ट्रॉली मागायला आला. जारचंच काम सुरू करतोय.

"दादा, किती वढते?"

मी त्याला गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेलं. चुन्याची फक्की घेऊन एक रेघ मारली. रेघेवर आला की ब्रेक दाबायचा, वेग वीस, एवढंच. आधी रिकामी, मग चार जार, मग आठ, मग बारा. तो जिथं थांबेल तिथं मी फक्कीचा ठिपका टाकत गेलो. बाराचा ठिपका टाकायला मला चालत जावं लागलं.

तो परत आला, ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे मातीवर आहे दादा. डांबरावर इतकं नसन होत."

"मग डांबरावर करून पाहू?"

तो काही बोलला नाही. त्याने चार जार उतरवले आणि आठ ठेवले. मी सहा म्हटलं होतं.