घुमटावरून उतरणारी रेघ

निवांत बसा. पडदा समोर उघडा असू द्या, पण हात इतक्यात माऊसकडे नेऊ नका.

पडद्यावर एक घुमट आहे. साधा अर्धगोल, त्रिज्या १०० मिलिमीटर. आरेखनाचे फ्रीकॅड सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यामुळे सेनगावातल्या घरात बसूनही तो मिनिटभरात उभा करता येतो. या घुमटावर माथ्यापासून काठापर्यंत एक सर्पिल रेघ उतरवायची आहे. दोन फेऱ्यांमधले अंतर सगळीकडे सारखे, ५ मिलिमीटर.

आधी मनानेच माथ्यावर जा. तिथे उभे राहिले की कोणतीही दिशा धरा, ती उतरतीच असते. तिथला पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो आणि नेमका तिथेच चकवा लागतो. वाटते, सपाट पानावर सर्पिल काढू आणि ते वरून घुमटावर टाकू. अवजारे तयारच असतात. पानावरचे २० फेरे बरोबर १०० मिलिमीटरला काठाशी पोहोचतात, आणि वरून पाहिले तर चित्र अगदी देखणे दिसते.

आता घुमट हळूच आडवा फिरवा आणि बाजूने बघा. घाई नको. माथ्याजवळचे फेरे ५ मिलिमीटरवर आहेत. माथ्यापासून ६० अंश खाली या, तिथे फेऱ्यांमधले अंतर दुप्पट झाले आहे, १० मिलिमीटर. आणखी उतरा. शेवटचा एकच फेरा घुमटाच्या अंगावर जवळजवळ ३२ मिलिमीटर घसरला आहे. पानावर तो फक्त ५ सरकला होता. वरून पाहणाऱ्याला उतार दिसलाच नाही. त्याला दिसली ती उताराची सावली.

इथे थोडे थांबा. हा फरक आकड्यांत न ठेवता बोटाला जाणवू द्या. मनातल्या घुमटावर बोट टेकवा आणि माथ्यापासून काठापर्यंत सरळ खाली आणा. बोट १०० मिलिमीटर चालले नाही, १५७ चालले. ते ५ ने भागा : फेरे ३१ होतात, वर थोडे उरतात. पानाने २० सांगितले होते. अकरा फेरे कुठे हरवले होते, ते आता कळते.

फेटा बांधणारा माणूस वरून नकाशा काढून बांधत नाही. कापड डोक्याला टेकते तिथेच प्रत्येक पदराचे अंतर ठरते. रेघेलाही तसेच चालवायचे. फेरा जितका पुढे जाईल, माथ्यापासूनचा कोन त्याच प्रमाणात वाढवायचा. त्या कोनाची ज्या (साइन) त्रिज्येने गुणली की अक्षापासूनचे अंतर मिळते, कोज्या (कोसाइन) गुणली की उंची. सूत्र एवढेच आहे. फेऱ्याच्या दर १० अंशांवर एक बिंदू ठेवा आणि त्यांतून बी-स्प्लाइन ही सलग वक्ररेषा ओढा. बिंदू फार विरळ ठेवले तर मधली रेघ घुमटाला सोडून आत-बाहेर जाते. म्हणून जवळ जाऊन, मोठे करून, एकदा तपासाच.

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडकडून सेनगावात येते आणि पुढे औंढा नागनाथाची वाट धरते. नकाशावर बोट ही वाट एका ओढीत पार करते. वारकऱ्यांची पावले मात्र जमिनीचा प्रत्येक चढउतार मोजत जातात. मला त्या मोजण्यावर जास्त विश्वास वाटतो.

आणि जमीन तरी कुठे सपाट आहे? सेनगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ आणि २० अंशांच्या मधे आहे. कल्पना करा, इथून निघालात, होकायंत्र हाती धरलेत आणि रोख सतत ईशान्येला ठेवलात. डोंगर नाहीत, समुद्र नाही, फक्त गोल. पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनिश याने १५३७ मध्ये या वाटेवर लिहिले. तिला लॉक्सोड्रोम म्हणतात. मर्केटरने १५६९ च्या नकाशात तिला सरळ रेषा केले, पण गोलावर ती सर्पिलच असते. ती उत्तर ध्रुवाभोवती फिरत राहते, फेरे आवळत जातात, आणि त्या फेऱ्यांना अंत नाही. तरीही तिची सगळी लांबी मोजून भरते सुमारे ११,००० किलोमीटर. अगणित फेरे, आणि मोजता येणारी वाट. हे वाक्य मनात एकदा सावकाश फिरू द्या. समजायची घाई करू नका.

तुमच्या घुमटावरही अशी रेघ काढता येते. तिथे फेरे सारख्या अंतरावर नसतात, उताराशी होणारा कोन सारखा असतो. संगणकाला मात्र अगणित फेरे झेपत नाहीत. माथ्यापासून २ अंश राहिले की रेघ तोडा. उरते जेमतेम ७ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. देवळाच्या घुमटावर गवंडी कळस बसवतो ती हीच जागा. तिथे एक छोटा कळस बसवा.

आता माऊस हातात घ्या. रेघेवर उठावाची कड द्यायची असेल, तर कडेचा छेद प्रत्येक ठिकाणी घुमटाच्या लंबाला बांधा. तो नुसता वर तोंड करून ठेवला, तर माथ्यावर उभी असलेली कड काठाजवळ घुमटाच्या अंगावर आडवी पडेल.