समीकरणात नसलेला उंदीर

साथीच्या गणितात मुंबईला मानाचे स्थान आहे. एडिंबराच्या केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली आपले प्रसिद्ध समीकरण मांडले, तेव्हा ते पडताळून पाहण्यासाठी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबईतील प्लेगबळींचे आठवडावार आकडे घेतले. लोकसंख्येचे त्यांनी तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले वा दगावलेले. त्यातून निघालेली रेषा सतराव्या आठवड्यात, आठवड्याला ८९० मृत्यू एवढे शिखर गाठून उतरते आणि प्रत्यक्ष आकडे तिला जवळजवळ चिकटून चालतात. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ सगळ्यांना गाठण्याआधीच ओसरते, हा त्यांचा निष्कर्ष आजही लसीकरणाच्या विचाराचा पाया आहे. पण रेषा जुळली म्हणून कारण सापडले असे होत नाही, हेही याच उदाहरणातून शिकायला मिळते.

मुंबईतला प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातच नव्हता. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाचे प्रयोग चालू होते. पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवले, तर जमिनीवरच्या पिंजऱ्यातले आजारी पडत आणि पिसवांच्या उडीपलीकडे उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचत. मेलेला उंदीर सोडून पिसू माणसाकडे वळते, हा साथीचा खरा मार्ग होता. केर्मॅक-मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होते. आपले समीकरण इथे अगदी ढोबळ आहे, अशी कबुली त्यांच्या लेखातच आहे. तरी त्या समीकरणाला कोणी उपाय विचारला असता, तर त्याने उंदराचे नावही न घेता सांगितले असते: आजारी माणसांना वेगळे काढा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडने तेच केले. घराघरांत सोजीर शिरले, माणसे उचलून छावण्यांत नेली, आणि प्लेग मात्र पुढे कित्येक वर्षे राहिला. म्हणून माझे म्हणणे असे की धोरणासाठीच्या गणिताची पारख रेषेच्या जुळणीवर करू नये. जो उपाय आपण करू पाहतो, त्याचा दुवा त्या गणितात आहे की नाही, हे पाहावे. रोनाल्ड रॉसच्या मलेरियाच्या गणितात डास होते, म्हणूनच सगळे डास मारायची गरज नाही, ठरावीक संख्येखाली आणले तरी पुरते, असे तो सांगू शकला.

पुढच्या शंभर वर्षांत या विचाराने शहर हळूहळू समीकरणात आणले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईसाठी केलेल्या प्रारूपात प्रत्येक काल्पनिक रहिवाशाला घर, शाळा वा कचेरी दिलेली होती. झोपडपट्टीतला दाट संपर्क वेगळा धरला होता आणि लोकलही होती. हा तपशील हौसेचा नव्हता. त्या जुलैत मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, इतर वस्तीत १६ टक्के. सार्वजनिक शौचालयासमोरच्या रांगेत उभे राहणाऱ्याला आणि स्वतंत्र स्नानगृह असणाऱ्याला एकाच सरासरीत घालणारे गणित दोघांनाही चुकीचा सल्ला देईल.

यावर हरकत अशी घेतली जाते की तपशील वाढला की गृहीतके वाढतात आणि मग हवे ते उत्तर काढता येते. हरकत खरी आहे. म्हणूनच अशा प्रारूपाला रुग्णसंख्येची तारीख विचारू नये. लोकल निम्म्या गर्दीने चालवली तर आणि पूर्ण चालवली तर, एवढा फरक विचारावा. दोन्ही बाजूंना गृहीतके तीच असल्याने तुलना अंदाजापेक्षा भरवशाची ठरते, आणि गृहीतके बदलूनही ती टिकते का, हे तपासता येते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने खबरदारी पाळली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल असे म्हटले होते. ‘तर’ गळून पडला, विषाणूचा नवा प्रकार आला आणि एप्रिलमध्ये रुग्णालये भरून वाहिली. गणित निरुपयोगी आहे असा याचा अर्थ लावणाऱ्यांनी हेही सांगावे की गणिताशिवाय घेतलेल्या निर्णयात गृहीतके नसतात का? असतात, फक्त कागदावर नसल्याने त्यांना कोणी जाब विचारत नाही. महापालिकांनी पुढच्या साथीची वाट न पाहता घरांची दाटी, प्रवास आणि पाणी-शौचालयांची वॉर्डनिहाय माहिती आतापासून गोळा करावी, आणि प्रारूपाच्या प्रत्येक निष्कर्षासोबत त्यामागची गृहीतके मराठीत प्रसिद्ध करावीत.